डावणीला वाफसा लागत नाही

"गाडीत भुंगा शिरलाय का रे?"

मामांनी असं विचारलं तेव्हा आम्ही नाशिकच्या मेरी संशोधन संस्थेसमोरच्या सरळ रस्त्याला होतो. दादाची थार चाळिशी ओलांडत होती आणि पायाखालून, सीटमधून, दाराच्या पत्र्यातून एक सलग घूंऽऽ उमटायला लागली होती. मागची सीट ही माझी नेहमीची जागा, त्यामुळे त्या घूंऽऽचे सगळे चढउतार मला पाठ आहेत. चाळीसला ती सुरू होते, पासष्टला सुरात येते, नव्वदला गाडीतल्या माणसांना गप्प बसवते.

"टायर वाजतात मामा. मड टेरेन आहेत."

"मला वाटलं हबचं बेअरिंग गेलं."

"ते गेलं तरी आता कळायचं नाही," मी मागून म्हणाले. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं.

रविवार होता. गणपती उठून चार-पाच दिवस झालेले. सातपूरला पपया नर्सरीच्या अलीकडे दादाचं नेहमीचं टायरचं दुकान आहे. तिथे चाकांची अदलाबदल करायची होती. पुढची मागे, मागची पुढे. दर पाच-सहा हजार किलोमीटरला हे केलं नाही तर असले टायर वेडेवाकडे झिजतात. मामा म्हसरूळहून बरोबर निघाले ते केवळ रविवारी घरात करमत नाही म्हणून. चाकं निघून, बॅलन्सिंग होऊन, परत चढेपर्यंत दीड तास गेला आणि तेवढ्यात दोघांची चांगलीच जुंपली.

दादा द्राक्षबागांचा सल्लागार आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत कधी काय फवारायचं, वेलीवर घड किती ठेवायचे, हे तो सांगतो, आणि सांगण्याआधी प्लॉटवर जाऊन पानं उलटून बघतो. दिंडोरी, निफाड, चांदवड असा रोजचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा फेरा. त्यातले दोन, फार तर तीन किलोमीटर मातीतले, बाकी सगळं डांबर. मामा पाटबंधारे खात्यात जीप चालवून निवृत्त झाले. वाघाड, करंजवण, पालखेड, आणि त्यांच्या कालव्यांच्या कडेने जाणाऱ्या वाटा, हे त्यांचं आयुष्य. चिखल दोघांनीही तुडवलाय, फक्त चाळीस वर्षांच्या अंतराने.

"कितीला पडले?" दुकानातल्या बाकड्यावर टेकता टेकता मामांनी विचारलं.

"चारचे ४८ हजार. त्या नामांकित अमेरिकन टायरची जोडीच आली असती एवढ्यात."

"आणि कंपनीतून आलेले?"

"विकले. ते हायवेचे, मामा. चिखलात टिकत नाहीत."

हे संभाषण सातपूरमध्ये चाललं होतं ही मला मोठी गंमत वाटली. याच औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे, दादाची थार नाशिकचीच. सिएटचाही कारखाना इथेच. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ सालची, आणि १९५८ मध्ये भारतात आलेली. गाडी इथली, टायरची कंपनी दारात, आणि आमचा दादा टायर घेतो समुद्रापलीकडून आलेला. त्या टायरचं नाव लिहीत नाही. टायरपेक्षा तो विकणाऱ्याबद्दल माझी तक्रार जास्त आहे, ती पुढे येईल.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डांबरी रस्त्याच्या टायरला बारीक नक्षी असते. मड टेरेनला मोठमोठी रबरी ठोकळी असतात, गावाकडच्या भाषेत बटण टायर, आणि दोन ठोकळ्यांमध्ये बोट जाईल एवढी खाच. चिखल त्या खाचेत शिरतो, चाक जोरात फिरलं की बाहेर फेकला जातो आणि ठोकळं पुन्हा नव्याने माती पकडतं. रस्त्यावर याच खाचांमध्ये हवा दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. तोच भुंगा. भारी टायरमध्ये ठोकळ्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे आवाज एका सुरात साठत नाही. स्वस्तातल्या टायरमध्ये बहुधा एवढे कष्ट कोणी घेत नाही.

"आमच्या जीपला सहा-सोळाचे टायर होते," मामा म्हणाले. "सहा इंच रुंद, सोळाची रिम. महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली तेव्हापासूनचं ते माप. एवढासा टायर, पण चिखल कापत खाली जायचा आणि खालच्या मुरमावर टेकायचा. तुझं हे रोड रोलर वर तरंगतंय."

"तरंगायलाच पाहिजे. खाली मुरूम नसेल तर तुमचा टायर जातो कुठे? पाताळात?"

"नसेल तर आम्ही गाडी घालतच नव्हतो."

इथे मूळ फरक उघडा पडला. दादाने हात झटकला. "तेच सांगतोय मी. तुम्हाला थांबता येत होतं. ऑक्टोबरात छाटणी झाली, बाग पोंग्यात आली, आणि रात्री पाऊस झाला, तर डावणीची बुरशी किती वेळ देते? पान ओलं राहिलं की झालं तिचं काम. सकाळी दहा फोन येतात, साहेब या, पानाखाली पांढरं दिसतंय. त्यांना काय सांगू, वाफसा आल्यावर येतो?"

"सांगायचं."

"डावणीला वाफसा लागत नाही, मामा."

मामा हसले. त्यांना वाक्य आवडलं होतं, पण कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. वाफसा या शब्दावर त्यांची श्रद्धा आहे. पावसानंतर रानातलं जादा पाणी निथरून जातं, मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात, पाऊल टाकलं तर माती पायाला चिकटत नाही, ती वेळ म्हणजे वाफसा. औत घालायचं ते तेव्हा. मामांच्या मते गाडी घालायची तीही तेव्हाच.

एवढ्यात दुकानातल्या पोराने पहिलं चाक काढून जमिनीवर आडवं केलं. खाचांमध्ये आदल्या दिवशीच्या निफाडच्या दौऱ्यातली काळी माती घट्ट बसलेली होती. मामांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, सुपारीएवढा गोळा उकरला, पंक्चर बघायच्या टबात बोट बुडवून तो मळला आणि तळहातावर वळायला लागले. वळी बारीक होत गेली. आधी पेन्सिलीएवढी, मग उदबत्तीएवढी, मग जाड शेवयीएवढी. तुटेना.

"मेरीत माती तपासतात ना, तिथे साहेब लोक असं करताना पाहिलंय. ३ मिलिमीटरवर वळी तडकायला लागली की मातीत किती पाणी आहे ते मोजतात. ही बघ, तडकतच नाही." मग त्यांनी वळीची दोन टोकं जुळवून अंगठी केली आणि ती माझ्या हातावर ठेवली. "ही माती टायर सोडेल का?"

आख्ख्या वादात मला पटलेली पहिली गोष्ट ही. काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पापुद्र्यापापुद्र्यांची असते. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती चपलेला धरून ठेवते. असल्या मातीत मड टेरेनची खाच चिखल फेकण्याऐवजी साठवते. चाकाच्या दोन फेऱ्यांत सगळी नक्षी बुजते आणि ४८ हजारांचा टायर गोटा होतो. गोटा झालेला टायर फुकटातही मिळतो.

दादाने हे नाकारलं नाही. "निफाडात मागच्या वर्षी मडगार्डमध्ये इतकी माती भरली की चाक फिरायचंच थांबलं. खुरप्याने काढली. शेवटी ट्रॅक्टर आणला."

"मग?"

"मग इगतपुरीला या माझ्याबरोबर. घोटीच्या पुढे, वैतरणेच्या अंगाला. तांबडी माती, भातखाचरांचा पातळ चिखल, मध्ये धोंडे. तिथे हवा पस्तीसवरून अठरावर आणली की टायर पसरतो, लांबट होतो, रांगतो अक्षरशः. ठोकळी बाजूलाही उतरलेली आहेत, ती धोंड्याच्या कडेला पकडतात. आमच्यातल्या एकाच्या साध्या टायरची बाजू तिथे फाटली, माझ्याला ओरखडा नाही."

तेही खरं. नाशिक जिल्हा म्हणून आपण एक नाव घेतो, पण इगतपुरीला वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि निफाडला सहाशेच्या आसपास. पाऊस वेगळा, माती वेगळी, चिखलही वेगळा. जिथे जास्त पाऊस तिथे दादाचा टायर मर्द, जिथे कमी तिथे तो पांगळा. आणि पोटापाण्याचा दौरा निफाडला, इगतपुरीची वारी फक्त रविवारची.

"म्हणजे धंद्याच्या नावाने खेळणं घेतलंस," मामा म्हणाले.

दादाला हे लागलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने २०२३ चा २६ नोव्हेंबर काढला. त्या रविवारी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या होत्या, निफाड तालुक्यात द्राक्षांचं फार नुकसान झालं होतं. "दुसऱ्या दिवशी अकरा प्लॉट बघायचे होते. किती ठिकाणी आत गाडी गेली विचारा."

"किती?"

"तीन."

"बाकी?"

"बाकी चालत. चपला हातात घेऊन." तो नखाने बाकड्याचा रंग खरवडत होता. "आणि जाऊन सांगणार काय होतो? गारांनी फुटलेल्या घडाला औषध नसतं. पण माणूस बांधावर उभा असतो ना वाट बघत. तिथे मी हायवेवरून फोन करायचा?"

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि चाकाजवळ उकिडवे बसले. बोलायचं नसलं की ते काहीतरी तपासायला घेतात.

टायरच्या बाजूवर एक लांबट चौकट असते, तिच्यात शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मामांनी ओल्या बोटाने माती पुसून वाचलं, "अकरा एकोणीस. म्हणजे २०१९ चा मार्च. तू घेतलेस कधी?"

"२०२२ च्या जूनमध्ये."

"तीन वर्षं कुणाच्या माळ्यावर वाळत होते?"

हीच माझी तक्रार. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली. परवान्याशिवाय माल येणं थांबलं, आणि देशात होता तो साठा दुकानदार पुरवून पुरवून विकत राहिले. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं. दादाला 'ताजा माल' म्हणून मिळाला तो असा शिळा होता. विकणारा आजचा दुकानदार नव्हे, दुसराच. पण चार आकडे वाचायला दादालाही कोणी अडवलं नव्हतं. दुसऱ्याच्या बागेत औषधाच्या बाटलीवरची मुदत तो आधी बघतो.

"हात फिरव," मामा मला म्हणाले. मी ठोकळ्यांवरून तळवा फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखा अडकला. प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त झिजलेली. आवाज दर महिन्याला का वाढतोय ते मला तेव्हा कळलं. कडक रबर, वेळेवर न केलेली अदलाबदल, आणि रोजचं शंभर किलोमीटर डांबर.

आता माझं मत. दोघांच्या भांडणात जो मुद्दा कोणीच काढत नव्हतं तो मी काढला, कारण मागच्या सीटवर मी असते. जुलैत ओझरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, पाऊस नुकता सुरू झालेला. पुढे टोमॅटोच्या क्रेट भरलेली पिकअप होती, तिने ब्रेक मारला. दादानेही मारला. पायाखाली एबीएस कडकड करत राहिलं आणि गाडी थांबायच्या विचारातच नव्हती. थांबली तेव्हा क्रेटवरचं नाव वाचता येत होतं. मोठ्या ठोकळ्यांचा टायर रस्त्याला मुळात कमी रबर टेकवतो, त्याला पाणी कापणाऱ्या बारीक चिराही कमी, त्यात रबर कडक. चिखलासाठी केलेली रचना ओल्या डांबरावर उलटते. टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि रोलिंग रेझिस्टन्स यांचे नियम सरकारने २०२२ मध्ये काढले. हे टायर त्याच्या आधीचे.

"ते एकदाच झालं," दादा म्हणाला.

"एकदाच पुरतं," मामा आणि मी एकदम म्हणालो.

मग डिझेलचा हिशेब निघाला, आणि त्यात दादाने मला हरवलं. मी म्हटलं, आधी गाडी साडेतेरा द्यायची, आता साडेअकरा. या टायरवर मीटरने ३८ हजार किलोमीटर दाखवलेत. म्हणजे जवळपास ४९० लिटर जादा. लिटरला नव्वद धरले तरी ४४ हजार. टायर स्वस्त कुठे पडला?

"मीटर खोटं बोलतंय," दादा शांतपणे म्हणाला. "कंपनीचं माप २४५/७५ आर १६, माझं २६५/७५ आर १६. पहिल्याचा व्यास ७७४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०४. चाक मोठं, फेऱ्या कमी, मीटर चार टक्के मागे. ३८ नाही, गाडी साडेएकोणचाळीस हजार पळालीय. तुझे ४४ हजार ३४ वर येतात."

"म्हणजे शंभर दाखवतं तेव्हा तू एकशे चारने जातोस," मामा म्हणाले. "आणि कागदावर हे माप आहे का?"

नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्यानंतर असले मोठे टायर म्हणजे पोलिसाने अडवलं, विमेवाल्याने कागद मागितला, की तोंड चुकवणं. दादाने विषय बदलला. त्याला विषय बदलताना मी लहानपणापासून पाहिलंय. तो आधी चहा मागवतो.

चहा आला. मामांनी बशीत ओतला.

"एक सांगू का," ते म्हणाले, आवाज उतरला होता. "टायर वाईट नाही. ज्या मातीसाठी केलाय तिथे चांगलाच असेल. पण तू रानातल्या पाणंदीतून गेलास की मागे काय राहतं बघितलंस? गुडघाभर चाऱ्या. त्या वाळल्या की दगडासारख्या होतात. मागून बाई डोक्यावर भारा घेऊन येते, पोरगं मोटारसायकलवर दुधाच्या कॅन घेऊन येतं. तुझी गाडी बाहेर आली, त्यांची वाट गेली."

दादाने कप खाली ठेवला. "मला परवा एकाने सांगितलं तसं."

"काय?"

"साहेब, तुमच्या पाया पडतो, गाडी डांबरीवर लावा. मी मोटारसायकलवर नेतो तुम्हाला आत." तो ओशाळून हसला. "त्याच्या मोटारसायकलचा टायर गोटा झालेला. निसटत निसटत, पण नेलं त्याने. ट्रिपल सीट, मध्ये फवारणीचा पंप."

यावर मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सरकारने २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांची योजना काढली, मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची. तिच्यातून खडी पडलेल्या वाटाही दादाच्या फेऱ्यात आहेत आणि तिथे कुठलाही टायर चालतो, असं दादाच म्हणाला. हा त्याच्याच बाजूविरुद्धचा मुद्दा होता हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चाकं चढली. मी विचारलं, आता पुढचे कुठले घेणार? ठोकळी अजून सहा मिलिमीटर शिल्लक होती, नवी असताना पंधरा असावीत. मला विचाराल तर ऑल टेरेन, म्हणजे दोन्हींच्या मधले, आपल्याच देशातले, कागदावरच्या मापाचे, ताज्या आठवड्याचे, आणि निफाडला मोटारसायकल. मामा म्हणाले, अरुंद टायर आणि धीर. दादा म्हणाला, "हेच. फक्त आकडे बघून घेईन."

"पाच घे या वेळी," मामा म्हणाले.

"पाच कशाला?"

मामा उत्तर न देता गाडीच्या मागे गेले. थारची स्टेपनी मागच्या दारावर बाहेरच टांगलेली असते, वर दादाने हौसेने घातलेलं काळं कव्हर, त्यावर डोंगराचं चित्र. मामांनी कव्हरची दोरी सोडली. आत कंपनीचा मूळ टायर होता, २४५/७५ आर १६. एकदाही रस्त्याला न लागलेला. त्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून जागच्या जागी होते. बाकीच्या चार चाकांपेक्षा व्यासाला ३ सेंटिमीटर लहान.

दुकानदार आतून बघत होता. तो म्हणाला, "हा लावला तर फोर बाय फोर टाकू नका हां साहेब. पुढची-मागची चाकं सारखी फिरणार नाहीत. गिअरवर ताण येतो."

"म्हणजे चिखलात पंक्चर झालं," मामा म्हणाले, "तर चिखलातून निघायचं फोर बाय फोर बंद."

दादाने स्टेपनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तीन पावसाळे तो या गाडीने रानात हिंडला होता.

"पाचवा घेतला असता तर ६० हजार झाले असते, मामा," तो म्हणाला आणि कव्हरची दोरी बांधायला लागला.